बाराबंदी आणि धोतराला घरी खळ देऊन इस्त्री कशी करावी?

जुळे सोलापूरची सून
नमस्कार. सोलापूरच्या संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीबरोबर आमचे मामंजी पांढरी बाराबंदी (बंदांनी बांधायचा अंगरखा) आणि धोतर नेसून चालत असत. ते कपडे सासूबाई स्वतः धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून ठेवत. आता तो मान माझ्या दिरांकडे आला आहे, सासूबाई मात्र राहिल्या नाहीत. गेल्या वर्षी आम्ही कपडे एका लाँड्रीत दिले. ते परत आले तेव्हा धोतर कागदासारखे कडक झाले होते, बाराबंदीच्या काखेजवळ पिवळट पट्टा उमटला होता आणि अक्षता सोहळ्याला (यात्रेतल्या प्रतीकात्मक विवाहाला) पोहोचेपर्यंत धोतराच्या निऱ्यांवर पांढरी पूड झडू लागली. सासूबाईंच्या हातचे कपडे ताठ असूनही मऊ लागत, एवढेच मला आठवते. त्या खळ कशाची करत, किती करत आणि इस्त्रीआधी कपडा कसा तयार करत, हे कोणी नीट सांगू शकेल का?

बाळीवेशीतील आजी
सूनबाई, तुमच्या सासूबाई बहुधा साबुदाण्याची खळ वापरत असाव्यात. कोकणात भाताची पेज गाळून वापरतात, परंतु आपल्याकडे रोजचे जेवण ज्वारीच्या भाकरीचे आणि भात बेताचा, त्यामुळे धुण्यापुरती पेज रोज कोठून निघणार? आमच्या घरी उन्हाळ्यात कुरडयांचा चीक काढला की पातेल्याला चिकटून राहिलेला अंश पाण्यात कालवून, शिजवून त्याची खळ होत असे, आणि एरवी उपासाचा साबुदाणा कामी येई.

पोह्याचे चार चमचे साबुदाणा तासभर भिजवावा, एक लिटर पाण्यात मंद आचेवर दाणे पारदर्शक होईपर्यंत शिजवावा आणि जुन्या मलमलच्या फडक्यातून गरम असतानाच गाळावा. गाळताना कंटाळा करू नये, कारण फडक्यात अडकायची ती गुठळी कपड्यावर गेली की तीच पुढे इस्त्रीखाली पूड होऊन झडते. या खळीत आणखी तीन लिटर पाणी घालून दोन बोटांत चोळून पाहावे. बोटे किंचित चिकटली तर ठीक, ओढ लागली तर पाणी वाढवावे. धोतर आधी साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्यावे आणि मगच खळीत बुडवावे, म्हणजे खळ सगळीकडे सारखी बसते. कोरडे कापड बुडवले तर जिथे पहिल्यांदा लागते तिथेच ती जास्त शोषली जाते.

नीळ द्यायची असेल तर शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात, खळीच्या आधी द्यावी. निळीची पूड पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगत राहते, म्हणून ती फडक्याच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात हलवावी. कपडा त्यात पडून राहू देऊ नये, नाहीतर चट्टे पडतात.

पूर्व भागातला विणकर
आजींनी सांगितलेल्यात एक भर घालतो. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माग चालत आला, आणि मागावर चढवण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, सुताला खळ द्यावीच लागते, एरवी विणताना सूत घासून तुटते. आमच्याकडे तेलुगूत तिला गंजी म्हणतात. कापड नवे असेल तर ही मागावरची खळ त्यात तशीच असते, आणि तिच्यावर घरची खळ चढवली तर एकावर एक थर बसून कापड ठिकठिकाणी ताठ आणि मध्येच ढिले होते. म्हणून नवे धोतर रात्रभर पाण्यात भिजत घालून, चोळून, दोन वेळा धुऊनच पहिली खळ द्यावी. ताई, लाँड्रीत दिलेले धोतर नवे होते का?

वाळत घालण्यापूर्वी धोतराची चार टोके दोघांनी धरून ताणावीत, पण ताण उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेनेच द्यावा. कोपऱ्यातून तिरका ओढ दिला की काठ वाकडा होतो आणि मग कितीही इस्त्री फिरवा, तो सरळ येत नाही.

रसायनवाला
पिवळ्या पट्ट्याचे कारण बहुधा खळीत नसून साबणात असावे. साबण किंवा धुण्याचा सोडा नीट निघाला नाही तर तो गरम इस्त्रीखाली पिवळा पडतो, आणि काखेजवळच्या दुहेरी शिवणीत तो हमखास अडकून राहतो. आपल्याकडील बोअरच्या जड पाण्यात हा धोका अधिक असतो, म्हणून शेवटचे खळबळणे नळाच्या गोड्या पाण्यात करावे.

दुसरे म्हणजे, कडकपणा खळीतून येतो, पण सुरकुती जाते ती ओलाव्यामुळे. कापसाच्या तंतूंमधले दुवे पाण्याने सैल होतात आणि उष्णता व दाबाखाली पाणी निघून गेले की नव्या जागी पक्के होतात. हाडासारख्या वाळलेल्या कपड्यावर इस्त्री फिरवणे म्हणूनच जवळजवळ व्यर्थ असते.

बाळीवेशीतील आजी
बरोबर. जानेवारीतही आपल्याकडची हवा कोरडी असते, त्यामुळे दुपारपर्यंत धोतर पार वाळून जाते. आदल्या संध्याकाळी ते परातीत पसरून कोमट पाणी बोटांनी शिंपडावे. कोमट पाणी लवकर मुरते. मग घट्ट वळकटी करून ओल्या पिळलेल्या पंचात गुंडाळून ठेवावी. सकाळी उलगडून गालाला लावल्यावर गार वाटले पाहिजे, पण हाताला पाणी लागता कामा नये. पावसाळ्यात मात्र अशी वळकटी रात्रभर ठेवू नये, बुरशीचे ठिपके येतात.

आमच्या लहानपणी कोळशाची इस्त्री होती. कपड्यावर नेण्याआधी ती ओल्या चिंधीवर फिरवून तळाची काजळी पुसून घेतली जाई, आणि राखेची चिमूट कपड्यावर पडली की आईचे बोलणे ठरलेले. विजेच्या इस्त्रीला ही चिंता नाही, पण जाड शिवणींवर आधी उलट्या बाजूने फिरवून घेण्याची पद्धत आजही उपयोगी आहे.

जुळे सोलापूरची सून
सर्वांचे आभार. धोतर नवेच होते, हे आता लक्षात आले. एका जुन्या पंचावर प्रयोग केला आणि तो सासूबाईंच्या हातचा वाटावा इतका मऊ-ताठ झाला. आता एकच अडचण उरली आहे. खळीत बुडवल्यावर बाराबंदीचे बंद एकमेकांना चिकटतात आणि वाळल्यावर सोडवताना पिळे राहतात. त्यांचे काय करावे?

बाळीवेशीतील आजी
बंद ओले असतानाच एकेक सुटा करून बोटांच्या चिमटीतून ओढून घ्यावा आणि दांडीवर सरळ सोडावा. इस्त्रीही सर्वांत आधी बंदांवरच करावी, नंतर बाह्या, मग पाठ आणि शेवटी पुढचा भाग. बंद मागे ठेवले तर ते धरताना झालेली बाकीची इस्त्री चुरगळते. आणि यात्रा झाल्यावर खळ धुऊन काढल्याशिवाय कपडे पेटीत ठेवू नका. खळीच्या वासावर कसर येते; आमच्या यजमानांच्या बाराबंदीला तिने खांद्यावर पाच भोके पाडली होती.