बिट, बाइट, बॉड आणि ‘एक्स’ : मोडेम, फ्लॉपी, सीडीचे वेग एका मापात कसे आणायचे?

प्रश्न : जुन्या मोडेमवर ‘५६ के’ छापलेलं असतं, फ्लॉपी ड्राइव्हच्या माहितीत ‘५०० केबीपीएस’ आणि सीडी ड्राइव्हच्या तोंडावर ‘५२ एक्स’. मराठी लेखात तिघांची तुलना करायचीय. नुसतं आठने भागलं की झालं का? आणि बॉड म्हणजेच बीपीएस (सेकंदाला किती बिट) ना?

उत्तर : आठने भागून निम्मंच काम होतं. आणि बॉड म्हणजे बीपीएस नाही, पण त्याकडे नंतर येतो.

आधी लिहिण्याबद्दल. इंग्रजीत छोटा बी म्हणजे बिट आणि मोठा बी म्हणजे बाइट (आठ बिटांचा गट), एवढ्याशा फरकावर सगळं टिकलंय, आणि आपल्या लिपीत छोटी-मोठी अक्षरं नाहीतच, त्यामुळे ‘केबी’ लिहिलं की आठपटीचा फरक वाचणाऱ्याने अंदाजाने ओळखायचा. हे मला अजिबात पटत नाही. मराठीत लिहिताना किलोबिट, किलोबाइट असं पूर्णच लिहा, चार अक्षरं जास्त गेली तरी चालतील. मोडेमचा आकडा कायम बिटमधे असतो, म्हणून ५६ के वाला मोडेम जास्तीत जास्त सेकंदाला ७,००० बाइट आणणार, तेही फक्त आपल्याकडे येताना, कारण व्ही.९० या ५६ के मोडेमच्या मानकात उलट्या दिशेला ३३.६ किलोबिटच मिळायचे. डाउनलोडच्या खिडकीत ४-५ किलोबाइट दिसायचे आणि लोकांना वाटायचं मोडेम खराब आहे, पण बऱ्याचदा तसं काही नसायचं, एक आकडा बिटचा आणि दुसरा बाइटचा.

आता बॉड. एमील बोदो या फ्रेंच तारायंत्र-अभियंत्याच्या नावावरून आलेलं हे माप आहे आणि ते सांगतं की लाइनवरचा सिग्नल सेकंदाला किती वेळा बदलू शकतो. जुन्या बेल १०३ मोडेममधे एका बदलात एकच बिट जायचा, म्हणून ३०० बॉड आणि सेकंदाला ३०० बिट हे आकडे जुळले आणि तिथूनच हा गोंधळ पुढे चालत आला. व्ही.२२ मधे बॉड ६०० पण एका बदलात २ बिट, म्हणजे १२०० बिट. व्ही.२२ बिस मधेही बॉड ६००च, पण एका बदलात ४ बिट, म्हणजे २४००. सगळे ज्याला ‘२४०० बॉडचा मोडेम’ म्हणायचे तो खरा ६०० बॉडचा होता! लेखात बॉड हा शब्द शक्यतो टाळा आणि ‘सेकंदाला इतके बिट’ असं लिहा.

भागायचं ते आठने की दहाने, इथे खरी गंमत आहे. जुन्या पद्धतीत प्रत्येक बाइटच्या पुढे एक स्टार्ट बिट आणि मागे एक स्टॉप बिट लागायचा, म्हणून २४०० चा मोडेम सेकंदाला ३०० नाही तर २४० अक्षरं पाठवायचा. पुढे व्ही.४२ हे चुका दुरुस्त करणारं मानक आल्यावर लाइनवरून हे दोन बिट गेले, तेव्हा तिथे साधारण आठने भागलेलं चालतं.

फ्लॉपीचं ५०० किलोबिट म्हणजे आठने भागून ६२,५०० बाइट, पण तेवढे हातात येत नाहीत. ३०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५ फेरे, एका फेऱ्यात ५१२ बाइटचे १८ सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे ठरावीक तुकडे), गुणाकार केला की ४६,०८० बाइट. बाकीचं सगळं सेक्टरच्या खुणा आणि मधल्या मोकळ्या जागांत जातं. आणि ‘१.४४ एमबी’ हे लेबल तर विचित्रच आहे, एकूण बाइट १४,७४,५६० म्हणजे १४४० गुणिले १०२४. एक हजार दशमान पद्धतीचा आणि दुसरा १०२४ वाला, दोन्ही एकाच आकड्यात मिसळलेत. अख्खी फ्लॉपी १४.४ किलोबिटच्या मोडेमवरून दहा-बिटी हिशोबाने पाठवली तर बरोबर १०२४ सेकंद लागतात, म्हणजे १७ मिनिटं ४ सेकंद. ५६ के वर सगळं आदर्श चाललं तर साडेतीन मिनिटं.

सीडीचा एक ‘एक्स’ म्हणजे सेकंदाला ७५ सेक्टर, प्रत्येकी २०४८ बाइट, म्हणजे १,५३,६०० बाइट. हेच ते प्रसिद्ध ‘१५० किलोबाइट’, आणि इथला किलो १०२४ चा आहे, मोडेमचा मात्र कायम १००० चा. म्हणजे अगदी पहिला, एक एक्सचा ड्राइव्हसुद्धा ५६ के मोडेमच्या जवळपास २२ पट. ५२ एक्स हा आकडा मात्र डिस्कच्या बाहेरच्या कडेलाच गाठला जातो, आतल्या बाजूला वेग बराच कमी असतो, तेव्हा त्याला ‘कमाल’ म्हणा.

पुरवणी प्रश्न : मराठीत ‘वेग’ म्हणावं की ‘दर’? आणि सॅटा (संगणकाला डिस्क जोडायची पद्धत) डिस्कला पण आठनेच भागायचं का?

उत्तर : बोलताना स्पीड म्हणा, कोणी अडवत नाही. पण लेखात मी ‘दर’ लिहीन, कारण ३०० चा मोडेम असो की ५६ के चा, तारेतून सिग्नल पळतो त्याच वेगाने, बदलतं ते एका सेकंदात किती बिट बसवले हे. सॅटाला दहाने भागा. तिथे ८ बिटांसाठी १० बिट पाठवायची पद्धत आहे, म्हणून १.५ गिगाबिटचे १५० मेगाबाइट होतात, १८७.५ नाही. युएसबी २.० च्या ४८० मेगाबिटला मात्र आठने भागलं की कागदावरचे ६० मेगाबाइट मिळतात, प्रत्यक्षात त्याहून कमीच.