आईचं वजन तेवढंच आहे, तरी जमिनीवरून उठवत नाही

सातारची लेक:
आई ७१ वर्षांची. वजन दहा वर्षं ६२ किलोच्या आसपास, साखर-बीपी आटोक्यात, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. गेल्या पावसाळ्यात चिकुनगुन्या झाला, तीन आठवडे अंथरुणावर होती. ताप गेला, पण अंगात पूर्वीची ताकद आलीच नाही. देवपूजासुद्धा आता खुर्चीत बसून. परवा खाली पडलेलं तुळशीचं पान उचलायला गेली ती खाली बसली, आणि पलंगाचा पाय धरूनही उठवेना. मी काखेत हात घालून उठवलं तेव्हा दंड हाताला लागला, नुसती कातडी. ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्यात आणि परकराची नाडी मात्र कमरेला पुरत नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मला ते पटत नाही. काय करू?

फिजिओ_कोल्हापूर:
ताई, काटा फक्त बेरीज सांगतो. स्नायू उतरले आणि तेवढीच चरबी चढली की काटा हलत नाही. वयाबरोबर स्नायू आणि ताकद अशी उतरण्याला सार्कोपेनिया म्हणतात. या वयात तीन आठवड्यांचं अंथरूण फार महागात पडतं.
हाताची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठ-बस करायला सांगा, तुम्ही शेजारी उभ्या राहा. २०१९ च्या आशियाई निकषांत १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ते कमजोरीचं लक्षण धरतात. शिंप्याच्या टेपने पोटरी मोजा. बाईची ३३ सेंटिमीटरच्या आत भरली तर स्नायू उतरल्याची शंका घ्यायची. चालणं चांगलंच, पण नुसत्या चालण्याने ताकद भरून येत नाही, स्नायूला वजन पेलायला लावावं लागतं. बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या माणसांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला होता. ताकद दुपटीच्या वर गेली. अभ्यास १९९० चा. मग ७१ ला 'वय झालं' कसं म्हणायचं? ड जीवनसत्त्व आणि बी-१२ मात्र तपासून घ्या.

नागपूरकर:
बाबांसाठी आम्ही खुर्चीवर दोन उशा ठेवल्या. उंचीवरून उठणं सोपं जातं. रोज सकाळ-संध्याकाळ दहा वेळा. महिन्याने एक उशी काढली, दिवाळीत दुसरी. खाण्याकडेही बघा. चहा-खारी, पातळ वरण-भात, रात्री दूध-पोळी, एवढ्यावर स्नायू धरत नाहीत. आम्हाला आहारतज्ज्ञांनी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सांगितली, म्हणजे तुमच्या आईंना रोज ६२ ते ७४ ग्रॅम. एका अंड्यात सहाच असतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पेठकर:
पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांची तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३; युडकिनांची चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वजन बेतात म्हणजे सगळं ठीक, असं आपल्याकडे धरूच नये.

सातारची लेक:
मोजलं. पोटरी ३१, उठ-बस १९ सेकंद. चौथ्या वेळी ओठ घट्ट मिटले होते तिने, पण पाचवी पुरी केली. आजपासून दोन उशा. अंडं ती खात नाही, आणि सोमवार, चतुर्थी, एकादशी सोडणार नाही. उपवासाला साबुदाण्याऐवजी काय देता तुम्ही?

नागपूरकर:
दही, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी. आणि रात्री झोपताना पनीरचे चार तुकडे, आमच्या आईला ते उपवासाला चालतात.