शब्दचर्चा : ‘हर्ब्स्ट’ला मराठीत काय म्हणावं?

झ्युरिकहून

माझी मुलगी इथल्या शाळेत दुसरीत आहे. गेल्या आठवड्यात ती वहीभर पानं चिकटवून घेऊन आली. बीचची तपकिरी, मेपलची लालभडक, प्रत्येकाखाली जर्मन नाव. "आई, आता मराठी नावं सांग. आधी हर्ब्स्टला काय म्हणतात ते सांग." हर्ब्स्ट म्हणजे इंग्रजीतला ‘ऑटम’, पानं रंगून गळण्याचा इथला ऋतू. मी ‘शरद ऋतू’ म्हणून मोकळी झाले. संध्याकाळी तिनं तेच फोनवर साताऱ्याच्या आजीला सांगितलं, तर आई म्हणाली, "अगं, शरद म्हणजे कोजागिरीचं चांदणं, पाऊस उघडल्यावरचं निवळलेलं आभाळ. तेव्हा कुठली पानं गळायला? ती गळतात शिशिरात."

आईचं खरं आहे. पण इथल्या ऑक्टोबरला शिशिर तरी कसं म्हणू? माघ-फाल्गुनात इथे बीचवर गळायला पान शिल्लकच नसतं. आठ वर्षं या देशात राहतेय, हे दोन महिने मला सगळ्यांत आवडतात, आणि त्यांना हाक मारायला माझ्या भाषेत नाव नाही याची रुखरुख लागून राहिली आहे. तुम्ही काय म्हणता?

पुण्याहून

पंचांगाप्रमाणे शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, हेमंत म्हणजे मार्गशीर्ष-पौष आणि शिशिर म्हणजे माघ-फाल्गुन. महिने धरले तर तुमचं बरोबर, झाडं धरली तर आईंचं. ही नावं आपल्या पावसाच्या हिशोबानं पडलेली आहेत, ती आल्प्सवर नेली की ओढाताण होणारच.

मुलीला एक गंमत जरूर सांगा. वेदांत ‘शरद’ हा शब्द ‘वर्ष’ या अर्थानंही येतो. ‘जीवेम शरदः शतम्’ म्हणजे शंभर वर्षं जगू या. आपण रोज वापरतो तो फारसीतून आलेला ‘साल’ हा शब्दही त्याच मुळाचा.

तुमच्या जागी मी ‘पानगळ’ म्हणेन. ‘पानझड’ मात्र नको. देठ सुटला की पान आपसूक गळतं, एकेक करून. झडतो तो मोहोर, वारा आला की एकदम. पाठ्यपुस्तकातली ‘पानझडी वनं’ रूढ झाली आहेत, ती असू द्यावीत, पण ऋतूच्या नावात मला ‘गळ’च हवी.

झ्युरिकहून

गळणं आणि झडणं यांतला फरक फार नेमका सांगितलात, आणि तो वाचताना एंगादीन या इथल्या डोंगरी खोऱ्यातला एक दिवस आठवला. तिथे आम्ही दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्याला लार्चची झाडं बघायला जातो. शाळेत आपण शिकलो की सूचिपर्णी झाडं सदाहरित असतात. लार्च सूचिपर्णी आहे, पण सदाहरित नाही. सेंट मॉरिट्सजवळ, १८०० मीटरच्या आसपास, सगळा डोंगरउतार हळदीसारखा पिवळा होतो. त्याच्या सुया टोचत नाहीत, झुपक्या-झुपक्यांनी येतात आणि हाताला मऊ लागतात. फांदीवरून नुसती बोटं फिरवली तरी मूठभर ओंजळीत येतात. स्टात्सच्या तळ्याकाठची वाट त्यांनी इतकी भरली होती की पावलांचा आवाज येत नव्हता. घरी आल्यावर लोकरीच्या मोज्यांतून एकेक सुई उपटून काढताना रात्र झाली. तर लार्चच्या सुया झडतात आणि बीचची पानं गळतात, असं म्हणायचं ना?

‘पानगळ’बद्दल माझी खरी अडचण वेगळी आहे. त्या शब्दात शेवट आहे, त्याआधीचे सहा आठवडे नाहीत. इथे लोक पानं पडतात म्हणून नाही, ती रंगतात म्हणून डोंगरात जातात.

सोलापूरहून

ताई, रंगतात कशाला, पान पिकतं म्हणा की. म्हाताऱ्या माणसाला आपण ‘पिकलं पान’ म्हणतो, ते काय उगाच? आंबा पिकताना हिरवा रंग मोडतो आणि पिवळा वर येतो, पानाचंही तसंच. दिवस लहान झाला की झाड हिरवं द्रव्य बनवायचं थांबवतं, असलेलं मोडून आत ओढून घेतं, आणि पानात मुळात असलेला पिवळा रंग उघडा पडतो. मराठीनं हे एका क्रियापदात सांगून ठेवलंय.

आता ‘हर्ब्स्ट’ बघा. हा शब्द इंग्रजीतल्या ‘हार्व्हेस्ट’चा सख्खा भाऊ. दोन्हींचा मूळ अर्थ पीक काढणं, फळ तोडणं. फळ तोडणं या अर्थाचं लॅटिन ‘कार्पेरे’ त्याच कुळातलं, आणि आपल्या ‘कृपाण’चं मूळही तिथेच सांगतात. मग जर्मन माणसानं ऋतूला जे नाव दिलंय ते मराठीत आहेच. सुगी! कानडीतही ‘सुग्गी’ म्हणतात. आमच्याकडे सुगी म्हटलं की खळं, कणसं आणि रानात पडलेली माणसं डोळ्यांसमोर येतात. तुमच्याकडे या दिवसांत रानातून घरात काय येतं, ते सांगा.

झ्युरिकहून

सुगी! हे मला सुचायलाच हवं होतं. काय येतं म्हणता? सप्टेंबरात गुरं डोंगरावरून गावात येतात. कपाळावर फुलांचे मुकुट, गळ्यात एवढाल्या घंटा, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी. इथल्या बोलीत ‘आल्प’ म्हणजे शिखर नव्हे, उन्हाळ्यात गुरं चारायचं उंचावरचं कुरण. गुरं तिथून उतरतात म्हणून त्या दिवसाचं जर्मन नाव ‘आल्पआबत्सुग’, फ्रेंच बाजूला ‘देझाल्प’. मग द्राक्षं. त्यांचा अर्धवट आंबलेला रस ‘झुसर’ म्हणून मिळतो. नीरा आणि ताडी यांच्या मधला म्हणा ना. बाटलीचं बूच घट्ट लावत नाहीत, कारण रस आत अजून उकळ्या फोडत असतो. आणि मारोनी, म्हणजे भाजलेले चेस्टनट. चौकात गाडी लागते, कागदी पिशवीला दोन कप्पे असतात, एक मारोनीला, दुसरा सालांना. एका मैत्रिणीनं त्याला शिंगाडा म्हटलं होतं. शिंगाडा तळ्यात होतो, हा झाडावर.

रत्नागिरीहून

मी झ्युरिकला लेकाकडे दोन महिने होते, तेव्हा ते खाल्लेत. शिंगाडा तर मुळीच नाही. चुलीत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या, तोच पिठूळ गोडवा. चेस्टनटच्याच लगद्याच्या शेवया पाडून वर साय घालून देतात, तेही छान. शरदचा वाद तुम्ही मिटवा, पण तिथल्या धुईबद्दल कोणीच काही बोललं नाही. मला आठ-आठ दिवस सूर्य दिसला नव्हता.

झ्युरिकहून

काकू, आठळ्या अगदी बरोबर! लेकीच्या वहीत आता तेच लिहिते.

धुईचं सांगते, कारण माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. युरा आणि आल्प्स या डोंगररांगांच्या मधल्या सखल भागात थंड हवा साचते, ती जड असल्यानं हलत नाही, आणि शहरावर ढगाचं झाकण बसतं. वर मात्र लख्ख ऊन. ‘वर निळं, खाली करडं’ असं इथे सगळेच म्हणतात. हवामानाच्या बातम्यांत धुक्याचा वरचा काठ किती मीटरवर आहे तेही सांगतात, आणि लोक तो आकडा बघून डोंगर ठरवतात. वरून दिसतं त्याला ‘नेबेलमेअर’ म्हणतात, धुक्याचा समुद्र.

एका वर्षी कोजागिरी ऑक्टोबरच्या अगदी शेवटी आली होती. खाली चंद्राचा पत्ता नव्हता. मसाला दूध थर्मासमध्ये भरून आम्ही रेल्वेनं शहराला लागून असलेल्या युएटलिबर्ग डोंगरावर गेलो. उंची जेमतेम ८७० मीटर, पण स्टेशनातून बाहेर पडलो आणि झाडांच्या शेंड्यांवर चांदणं होतं. पायाखाली पांढरं धुकं पार आल्प्सपर्यंत, आभाळ धुतल्यासारखं. आई म्हणते तो शरद तिथे होता, सगळाच्या सगळा. तासाभरानं खाली उतरलो तर ट्रामच्या काचेवर ओल आणि फुटपाथवर भिजलेली पानं.

म्हणून मी असं ठरवलंय. ऋतूला घरात सुगी म्हणायचं, धुक्याच्या वरच्या रात्रीला शरद, आणि नोव्हेंबरातल्या ओल्या फुटपाथला पानगळ. काल शाळेतून येताना लेक कोपऱ्यावरच्या मेपलकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, हे अजून कच्चं आहे."

सोलापूरहून

पुढच्या आठवड्यात पिकलं की कळवा.