मदत हवी आहे: कॉलनीत पर्यावरणासाठी खरंच काम करणारे कसे निवडायचे?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. गणपतीत आमच्या मराठी मंडळाला कॉलनीतल्या अशा लोकांचा सत्कार करायचाय जे कचरा, पाणी, झाडं यावर वर्षभर काम करतात. घरं साधारण १४०, बजेट ८,००० रुपये, परीक्षक आम्ही तिघी.

आता सहा प्रकारचा कचरा वेगळा करून गाडीत टाकणं इथे सगळेच करतात, २०१७ पासून स्वच्छतेत शहराचा पहिला नंबर काय उगाच येतोय, त्यामुळे तेवढ्यावर बक्षीस देता येत नाही. ग्रुपवर नावं मागवली तर २३ आली, त्यातली १७ स्वतःचीच! मग फोटो मागवले तर लोकांनी नर्सरीतून आणलेल्या कोऱ्या कुंड्यांचे पाठवले, स्टिकरसकट. आणि ज्या काकू सगळ्या बिल्डिंगचं निर्माल्य गच्चीवर सुपात वाळवून दोरे, टाचण्या वेचून मग माठात खत करतात त्यांचं नाव कोणीच दिलं नाही, त्या स्वतःही देणार नाहीत. चौकीदार दादा आरओचं वाया जाणारं पाणी बादल्यांनी रस्त्यावरच्या कडुनिंबांना घालतात, पण ते 'रहिवासी' नाहीत म्हणून एका मेंबरचा आक्षेप (मला तर हे पटतच नाही).

नगर निगमचं सर्टिफिकेट वगैरे नकोय, मतदानही नको, ते ओळखीवर जातं. शाल-श्रीफळ आणि प्लास्टिकचं मोमेंटो तर अजिबातच नको.

ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा, घरी जाऊन दहा मिनिटांत नेमकं काय बघायचं, काय विचारायचं म्हणजे वर्षभराचं काम आणि आठवड्याचा देखावा यातला फरक कळेल?