मदत हवी आहे: सायकल पट्ट्यापायी फुटपाथ गेला. काढून टाका म्हणावं की दुरुस्त करा? तक्रार कुठे, कशी?

गल्लीनाका (धागाकर्ता)

मुंबईच्या पश्चिम उपनगरात स्टेशनपासून सुरू होणारा 18.30 मीटरचा (जुन्या भाषेत साठ फुटी) डी.पी. रस्ता (विकास आराखड्यातला रस्ता) आहे. लांबी 650 मीटर, मध्ये चौक नाही, दोन्ही टोकांना सिग्नल. दोन्ही कडांना हिरवा सायकल पट्टा रंगवला आहे. रुंदी 1.2 मीटर. तो बसवण्यासाठी फुटपाथ 2.3 मीटरवरून 1.1 मीटरवर आणला. या 1.1 मीटरमध्येच विजेचे खांब, झाडांचे आळे आणि टेलिफोनची पेटी आहे, त्यामुळे व्हीलचेअर जात नाही आणि काठी घेऊन चालणारी माणसं पट्ट्यावर उतरतात.

पट्ट्यावर स्टेशनकडे रिक्षांची रांग, मध्ये दुकानांसमोर डिलिव्हरीच्या दुचाकी आणि रात्री गाड्या उभ्या असतात. पट्टा वेगळा ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या नारिंगी खुंट्यांपैकी निम्म्या पहिल्याच पावसाळ्यात उखडल्या. त्यांचे बोल्ट वर आलेले आहेत, चपलेत घुसतात. पट्ट्यावर सायकल मात्र दिसत नाही.

परिसरातल्या सोसायट्यांमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो पट्टा काढून टाका. दुसरा म्हणतो पट्टा ठेवा, पार्किंग हटवा. पोलीस पालिकेकडे बोट दाखवतात आणि पालिका पोलिसांकडे. प्रश्न असे:

1. पत्र नक्की कोणाला द्यायचं?
2. मोजमाप काय काय जोडायचं?
3. उभ्या वाहनांवर कारवाई कायद्याच्या कोणत्या आधारावर मागायची?
4. काढून टाका म्हणावं की दुरुस्त करा?

एका बाजूला 12 सोसायट्यांची गेटं आणि एक बसथांबा आहे. जाणकारांनी कृपया नेमकं सांगावं.

टेपमाप

तुमचेच आकडे आधी मांडून बघा, भांडण कुठे आहे ते लगेच दिसेल. दोन फुटपाथ 2.2, दोन पट्टे 2.4, मिळून 4.6 मीटर. 18.30 मधून ते वजा केले की वाहनांकडे 13.7 मीटर उरतात. म्हणजे सायकलसाठी वाहनांच्या वाट्यातून एक बोटभरही जागा घेतलेली नाही, सगळी चालणाऱ्यांच्या वाट्यातून घेतली. पायी चालणारे आणि सायकलवाले एकमेकांवर चिडलेत आणि 13.7 मीटर तसेच आहेत. पत्रातला पहिला मुद्दा हाच घ्या, कारण दोन्ही तटांना तो एकत्र मांडता येतो.

पादचारी सुविधांचं मानक आयआरसी (इंडियन रोड्स काँग्रेस) 103 (2012) आहे. निवासी भागात फुटपाथची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर आणि डोक्यावर 2.2 मीटर मोकळी उंची. मोकळी म्हणजे खांब, आळं, पेटी वगळून उरलेली. तेव्हा कडेपासून कडेपर्यंत मोजू नका, सगळ्यात चिंचोळ्या जागी अडथळ्यापासून कडेपर्यंत मोजा. सायकल मार्गांसाठी आयआरसी 11 (2015) आहे. एकेरी मार्गाला 2 मीटर धरा. सायकलस्वाराला सरळ जायलाच साधारण 1 मीटर लागतो, त्यामुळे 1.2 मीटरमध्ये एकही दुसऱ्याच्या पुढे जाऊ शकत नाही. समोर रिक्षा आली की त्याला वाहनांत उतरावंच लागतं.

आता 18.30 ची पुन्हा वाटणी करू:

दोन फुटपाथ 1.8 चे: 3.6
दोन सायकल मार्ग 2.0 चे: 4.0
वाहनांच्या दोन मार्गिका 3.5 च्या: 7.0
एका बाजूला पार्किंग: 2.1
पार्किंग आणि सायकल मार्गात दार उघडण्याची जागा: 0.8
दुसऱ्या बाजूला वाहने आणि सायकल यांच्यात अंतर: 0.5

बेरीज 18.0 होते. उरलेले 30 सेंटिमीटर कर्बच्या (फुटपाथच्या कडेच्या) दगडांना आणि गटाराच्या कडेला. म्हणजे सगळं बसतं, पण एका बाजूचं पार्किंग जातं. बस थांबली की मागची वाहने थांबणार. हे रहिवाशांना आधीच सांगा, नंतर कळलं तर तेच विरोधात उभे राहतील.

एका बाजूला किती गाड्या राहतील तेही काढून ठेवा. 650 मधून दोन्ही टोकांचे 50-50 मीटर वजा, बसथांब्याचे साधारण 42, बारा गेटांचे 6 मीटरप्रमाणे 72. उरले 436. एका गाडीला 6 मीटर धरले तर 72 गाड्या. दोन्ही बाजूंना आज रात्री किती उभ्या असतात ते मोजून हा आकडा शेजारी ठेवा. सभेत कोण काय गमावतंय ते नेमकं सांगता येईल.

पाववाला_पहाटे

सायकल दिसत नाही असं लिहिलंत, ते किती वाजता मोजून? मुंबईत खऱ्या सायकली पहाटे 5 ते 7:30 मध्ये असतात. पाव, दूध, पेपर, नंतर इस्त्री आणि चहा. डबेवाले त्यानंतर, स्टेशनभोवती. नऊ वाजता बाल्कनीतून बघितलं तर यातले बहुतेक जण घरी पोचलेले असतात.

मोजणी अशी करा: दोन कामाचे दिवस आणि एक रविवार. पहाटे 5 ते 7:30, सकाळी 8 ते 10, संध्याकाळी 6 ते 8. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने. सायकलींना दोन रकाने हवेत, पट्ट्यावरून गेलेल्या आणि पट्टा सोडून रस्त्यावरून गेलेल्या. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा मोठा निघाला तर सायकली आहेत, पट्टा चालण्यालायक नाही एवढंच सिद्ध होतं. उलट दिशेने येणाऱ्या सायकली आणि पट्ट्यावरून चालणारी माणसंही वेगळी नोंदवा.

पाववाल्याची सायकल एकदा नीट बघा. मागे कॅरियरवर पाट्यांची चळत, हँडलला दोन्हीकडे पिशव्या. हँडल 60-65 सेंटिमीटर असलं तरी पिशव्यांसकट तो 90 च्या पुढे जातो आणि वळताना मागचं ओझं बाहेर फेकलं जातं. दोन खुंट्यांमधून आत-बाहेर करणं त्याला जमत नाही, म्हणून तो पट्ट्यावर चढतच नाही. पट्टा आखणाऱ्यांनी हेल्मेटवाला सायकलस्वार डोळ्यांसमोर ठेवलेला असतो. रस्ता ज्याच्या रोजीरोटीचा आहे त्याला मोजा, ही कळकळीची विनंती.

कलमदान

प्रश्न 3 चं उत्तर. पत्रात हे घाला:

मोटार वाहने (चालविणे) विनियम 2017 प्रमाणे फुटपाथ, सायकल मार्ग आणि पादचारी क्रॉसिंगवर वाहन उभं करायला मनाई आहे. बसथांब्याच्या दोन्ही बाजूंना 15 मीटर आणि चौकाच्या कडेपासून 50 मीटरपर्यंतही. वरच्या हिशेबात 50 आणि 42 (15-15 आणि थांब्याचे स्वतःचे 12) वजा केले ते यासाठीच. दंड मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 177 खाली, पहिल्यांदा 500 रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी 1500 पर्यंत. वाहन उचलून नेण्यासाठी कलम 127.

“अधिसूचना नाही, म्हणून चलन नाही” हे उत्तर मिळण्याची शक्यता आहे. एखाद्या साध्या रस्त्याची एक बाजू नो पार्किंग करायची असेल तर वाहतूक पोलिसांची अधिसूचना लागते, ती कलम 115, 116 आणि 117 खाली निघते. सायकल मार्गावरची मनाई मात्र विनियमातच आहे. पण तो सायकल मार्ग आहे हे कागदावर आणि जागेवर दिसलं पाहिजे. निळा गोल फलक नाही आणि नुसता हिरवा रंग आहे, तर वाहनचालक वाद घालणारच. म्हणून फलक आहेत का ते आधी बघा. नसतील तर पहिली मागणी फलकांची करा.

एक सावधगिरी. कलम 198ए (रस्त्याच्या सदोष रचनेबद्दल एक लाखापर्यंत दंड) पत्रात धमकीसारखं टाकायचा मोह होतो. त्या दोषामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं असेल तरच ते लागू होतं. उगाच घातलंत तर पत्राचं वजन कमी होतं.

दुकानांनी फुटपाथवर मांडलेल्या टपऱ्या, पायऱ्या, शेड हा वेगळा विषय आहे. त्याला मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 चं कलम 314 लागतं, अर्ज वॉर्डाच्या अतिक्रमण निर्मूलन विभागाकडे. पार्किंगच्या पत्रात तो मिसळू नका, मिसळलात तर फाइल दोन टेबलांमध्ये फिरत राहील.

तळमजला_204

मी काढून टाका म्हणणाऱ्यांपैकी आहे आणि कारण पार्किंग नाही. ज्येष्ठांना फुटपाथ परत हवा आहे, आज हवा आहे. नवी वाटणी व्हायला दोन वर्षं जातील, तोवर माणसं पट्ट्यावर रिक्षांमधून वाट काढणार. बीकेसीचं (वांद्रे-कुर्ला संकुल) उदाहरण समोर आहे. 2011 च्या सुमारास ट्रॅक केले, त्यावर गाड्या उभ्या राहिल्या, आणि 2025 मध्ये एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) ते काढून तिथे वाहनांसाठी मार्गिका करायचं ठरवलं. मग आपल्याकडेच वेगळं काय होणार?

टेपमाप

तुमचं कारण अगदी रास्त आहे. पण बीकेसीत काय झालं ते पुन्हा वाचा. ट्रॅक निघाल्यावर जागा वाहनांना गेली, फुटपाथला नाही. तुम्ही नुसतं “पट्टा काढा” लिहिलंत तर तुमच्याकडेही रंग खरवडतील, कर्ब आहे तिथेच राहील आणि वाहनांचे 13.7 मीटर 16.1 होतील. फुटपाथ 1.1 चाच राहील.

तेव्हा मागणी दोन टप्प्यांत लिहा. पहिला टप्पा: फुटपाथची मोकळी रुंदी 1.8 मीटर परत द्या, अडथळे हलवा, कर्बची उंची 150 मिलिमीटरच्या वर नको, गेटांपाशी उतार 1:12. दुसरा टप्पा: सायकल मार्गाची जागा वाहनांच्या रुंदीतून. पहिला टप्पा दुसऱ्यासाठी अडवू नये, हे वाक्य स्पष्ट लिहा. यावर दोन्ही तट सही करू शकतात.

बीकेसीत ट्रॅकला वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनपर्यंत सलग वाट मिळाली नाही, हेही विसरू नका. तुमचा रस्ता स्टेशनपासूनच सुरू होतो.

पवईचं उदाहरण कोणी देईल म्हणून आत्ताच सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2022 ला तिथला सायकल ट्रॅक बेकायदा ठरवला तो तलावाच्या पाणथळ जागेत भराव घातल्यामुळे. रस्त्यावरच्या मार्गाशी त्याचा संबंध नाही.

गल्लीनाका (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. 13.7 चा हिशेब आमच्या कोणाच्याच लक्षात आला नव्हता. आणखी दोन गोष्टी: खुंट्या का उखडतात आणि त्याऐवजी काय मागावं? आणि रिक्षांचं काय करावं?

टेपमाप

त्या खुंट्यांना स्प्रिंग पोस्ट म्हणतात. तळाला तीन बोल्ट असतात. काँक्रीटमध्ये भोक पाडून केमिकल अँकरने बसवले तर टिकतात. डांबरात किंवा पेव्हर ब्लॉकमध्ये बसवले तर नाही. डांबर उन्हात मऊ होतं, भोक रुंदावतं, पावसाचं पाणी आत जातं आणि एका रिक्षाच्या धक्क्याने पोस्ट बोल्टसकट हलतो. तुमच्याकडे बोल्ट वर राहिलेत म्हणजे नुसता पोस्ट तुटलाय. ते बोल्ट कापून भोकं बुजवा, ही तातडीची तक्रार पालिकेच्या 1916 वर आजच करा आणि तक्रार क्रमांक पत्रात लिहा.

खुंट्यांनी दुचाकी अडत नाही हेही समजून घ्या. व्हीलचेअरसाठी खुंट्यांत 1.2 मीटर अंतर लागतं आणि स्कूटरचं हँडल 70 सेंटिमीटरच्या आसपास असतं. सायकल जाईल आणि स्कूटर जाणार नाही असं अंतर अस्तित्वात नाही. त्याऐवजी सलग कर्ब मागा आणि मार्ग फुटपाथ व रस्ता यांच्या मधल्या उंचीवर. गेटांपाशी मार्ग खाली उतरवायचा नाही, गाडीने वर चढायचं. बारा गेटांवर बारा वेळा खाली-वर करावं लागलं तर सायकलवाला रस्त्यावर जातो. बसथांब्यापाशी मार्ग थांब्याच्या मागून न्यायचा.

हिरवा रंग पावसात निसरडा होतो. रंगात खरखरीत खडी मिसळायला सांगा. आणि गटाराच्या जाळ्या बघा. सळया प्रवासाच्या दिशेने असतील तर सायकलचं बारीक टायर त्यात बसतं आणि माणूस डोक्यावर पडतो. जाळी आडवी फिरवणं हे एका दिवसाचं काम आहे, ते पहिल्या टप्प्यात घाला.

रिक्षा हाकलून जाणार नाहीत, स्टेशनला त्यांची गरज आहे. एक रिक्षा 2.7 मीटर लांब आणि 1.3 रुंद. रांगेत एकीला 3 मीटर धरा. दहा रिक्षांना 30 मीटरची खाच पार्किंगच्या पट्टीतून द्या, चौकापासून 50 मीटर सोडून. उरलेल्या रांगेला दुसरी जागा वाहतूक पोलिसांना सुचवा.

कलमदान

प्रश्न 1 राहिला होता. मूळ पत्र वॉर्डाच्या सहाय्यक आयुक्तांना, प्रत रस्ते विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना आणि स्थानिक वाहतूक चौकीच्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. एकाच पत्रावर तिन्ही नावं असली की बोट दाखवायला जागा राहत नाही. नुसता फोटो टाकून ट्विट करू नका, त्याला आवक क्रमांक नसतो.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, शुल्क 10 रुपये, ऑनलाइनही होतो. का केलं, कोणी ठरवलं असं विचारू नका, कागद मागा:

“अमुक रस्त्यावरील सायकल मार्गाच्या कामाबाबत पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात: कार्यादेश, मंजूर आडछेद नकाशा, वाहतूक पोलिसांचे ना हरकत पत्र, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, आणि हमी कालावधी दर्शवणारे करारातील पान.”

हमी कालावधी चालू असेल तर उखडलेल्या खुंट्या कंत्राटदाराने स्वखर्चाने बसवायच्या असतात. आडछेद नकाशात (रस्त्याच्या रुंदीची वाटणी दाखवणारा नकाशा) पट्टा 2 मीटर आणि जागेवर 1.2 निघाला, तर तुमचं अर्धं काम तिथेच झालं. पोलिसांकडे अधिसूचनेसाठी वेगळा अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, शुल्क 20 रुपये.

लोकशाही दिनात जाणार असाल तर तिथे वैयक्तिक तक्रारच घेतात. त्यामुळे रस्त्याचा प्रश्न नाही, “माझ्या गेटसमोर फुटपाथ 1.1 मीटर उरल्याने व्हीलचेअर बाहेर काढता येत नाही” असं एका रहिवाशाच्या नावाने लिहा. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

तळमजला_204

दोन टप्प्यांच्या मागणीवर आमच्या बाजूच्या सह्या मिळतील. पहिल्या टप्प्यात जाळ्या, बोल्ट आणि खांब तिन्ही नावानिशी हवेत, खांबांच्या क्रमांकांसकट. यादी करायला शनिवारी पहाटे पाच वाजता स्टेशनच्या टोकाला टेप घेऊन येतो, सायकलींची मोजणीही तेव्हाच सुरू करू.