कब्बालिस्टिक ‘ऑर्डर’ला मराठीत काय म्हणावे?

जिज्ञासू : ‘हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन’ या कब्बाला (ज्यू परंपरेतून आलेली गूढविद्या) शिकवणाऱ्या ब्रिटिश गुप्त संस्थेवर लिहायचे आहे. ‘ऑर्डर’साठी ‘पंथ’ चालेल का? टेम्पल आणि ग्रेड यांचे काय करावे?

अक्षरवेल : ‘पंथ’ नको. पंथाला अनुयायी असतात आणि त्याची दारे बहुधा उघडी असतात. इथे सनद, गुप्ततेची शपथ आणि पायरीपायरीने दीक्षा होती. वेस्टकॉट, मेदर्स आणि वुडमन या तिघांनी १८८८ मध्ये लंडनला ‘आयसिस-युरेनिया’ टेम्पल काढले. तिघेही फ्रीमेसन, म्हणजे एका गुप्त बंधुमंडळाचे सदस्य, त्यामुळे बांधणी त्यांच्या लॉजची, म्हणजे स्थानिक शाखेसारखी. मी ‘दीक्षामंडळ’ लिहितो. नुसते ‘मंडळ’ म्हटले की वाचकाला गणपती आठवतो.

‘टेम्पल’चे ‘देऊळ’ करू नका. अर्थ सनद मिळालेली शाखा असा आहे. दालनात मूर्ती नसते. एक काळा आणि एक पांढरा असे दोन खांब असतात, मध्ये वेदी असते. वेदीची उंची रुंदीच्या दुप्पट, म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन घन.

कोशप्रेमी : ‘कब्बाला’चा हिब्रू धातू क-ब-ल, अर्थ ‘स्वीकारणे’. अरबीतून आपल्याकडे आलेला ‘कबूल’ याच कुळातला, म्हणून ‘परंपरेने स्वीकारलेले’ हा अर्थ मराठी वाचकाला चटकन लागतो. ‘ज्यू’ की ‘हर्मेटिक’ हे विशेषण मात्र गाळू नका. जेरुसलेमचे १७३७ चे ‘बेत एल’ हे ज्यू कब्बालाचे येशिवा, म्हणजे पाठशाळा. गोल्डन डॉनचा कब्बाला ‘हर्मेटिक’, म्हणजे पाश्चात्त्य गूढविद्येतला. त्यात टॅरो (भविष्य सांगण्याचे पत्ते), ज्योतिष आणि किमया मिसळलेली आहे.

अक्षरवेल : ग्रेडला ‘पायरी’ म्हणा. आकडे उतरवताना हमखास घोळ होतो. ‘१=१०’ हे समीकरण नव्हे. पहिला आकडा चढलेली पायरी, दुसरा सेफिरा, म्हणजे कब्बालाच्या ‘जीवनवृक्ष’ या आकृतीतल्या दहा स्थानांपैकी एक, वरून मोजलेला. सर्वांत खालचा मल्खुत दहावा, म्हणून झेलेटर १=१०. पुढे थिओरिकस २=९, प्रॅक्टिकस ३=८, फिलॉसोफस ४=७. बेरीज ११ आली नाही तर छपाईची चूक समजा. अपवाद निओफाइट ०=०, कारण तो अजून वृक्षाबाहेर आहे. अडेप्टस मायनर ५=६ पासून आतले मंडळ सुरू होते. त्याचा कक्ष सप्तभुज. प्रत्येक भिंत ५ फूट रुंद, ८ फूट उंच, तीवर ४० चौकोन.

जिज्ञासू : ‘अखंड परंपरा’ म्हणता येईल?

कोशप्रेमी : नाही. १९०० मध्ये लंडनच्या सदस्यांनी मेदर्सविरुद्ध बंड केले आणि १९०३ पर्यंत तुकडे पडले. त्यातल्या ‘स्टेला मातुतिना’च्या डॉ. फेल्किन यांनी १९१२ मध्ये न्यूझीलंडच्या हॅवलॉक नॉर्थला शाखा स्थापली. शाखेच्या घराचे नाव माओरी (Whare Ra), Wha चा उच्चार ‘फ’कडे झुकणारा, म्हणून ‘फारे रा’ लिहा. वास्तुकार चॅपमन-टेलर, बांधकाम काँक्रीटचे, टेम्पल तळघरात. मला वाटते ही स्वतःची वास्तूच या शाखेला तारून गेली. ती १९७८ पर्यंत टिकली, लंडनची मूळ शाखा विखुरल्यावर कितीतरी वर्षे.

इस्रायल रिगार्डी यांनी १९३७ ते १९४० दरम्यान विधींचे चार खंड छापले. आज गोल्डन डॉनचे नाव लावणारे बहुतेक गट त्या छापील विधींवर उभे आहेत. त्यांच्यासाठी ‘पुनरुज्जीवित’ लिहा. ‘मूळ’ हा शब्द सनदेची साखळी दाखवता आली तरच वापरा.