मदत हवी आहे : १८७९च्या मराठी वर्तमानपत्रांचे जुने अंक

मंडळी, तिसऱ्या नेपोलियनचा एकुलता एक मुलगा, प्रिन्स इंपीरियल, याच्यावर लेख लिहितोय. १ जून १८७९ला दक्षिण आफ्रिकेत, इंग्रज-झुलू युद्धात तो गेला. वय अवघं २३. फ्रान्सच्या गादीचा वारस इंग्रजांच्या बाजूने टेहळणीला गेलेला, हेच मुळात अजब!

ओढ्याकाठच्या ओसाड वस्तीत खोगीर उतरवून कॉफी झाली. निघताना उंच गवतातून झुलू तुटून पडले. घोडा उधळला, याने खोगिराला अडकवलेलं पिस्तुलाचं चामडी घर धरलं, आणि त्याचा पट्टाच फाटला. वार सगळे समोरून. सोबतचा लेफ्टनंट केरी निसटला. पुढे त्याच्यावर लष्करी खटला चालला, पण शिक्षा रद्द झाली.

आता अडचण. त्याच उन्हाळ्यात आपल्याकडे वासुदेव बळवंतांचा पाठलाग चालू होता. 'केसरी' निघायला अजून दीड वर्ष होतं, पण 'ज्ञानप्रकाश' होता. त्यात ही बातमी आली होती का? जून-जुलै १८७९चे अंक कुणी पाहिलेत? कुठल्या ग्रंथालयात चाळायला मिळतील?

आणि त्या चामडी घराला जुन्या मराठीत नेमका शब्द काय? 'म्यान' लिहिलं तर तलवारच डोळ्यांसमोर येते.